हत्ती अजून गार आहे

४ सप्टेंबर, शनिवार

किल्ली परत द्यायला निघालो होतो, ती तशीच घेऊन परत आलो.

वाचनालयाच्या तळमजल्यावरची खोली ताईकडे होती. शाळेतून निवृत्त झाल्यावर शनिवार-रविवारी ती तिथे मुलांना टाकाऊ वस्तूंपासून प्राणी करायला शिकवायची. पूर्ण मूर्ती नव्हेत, फळीवर उठाव दिलेले प्राणी. म्हणजे पाठ सपाट, पुढून फुगीर, भिंतीवर लावता येतील असे. जुलैत ताई गेली. वाचनालयाच्या कार्यवाहांनी आडून आडून दोनदा विचारलं, म्हणून आज खोली आवरून किल्ली देऊन टाकायची असं ठरवलं होतं.

पायऱ्यांवर मुलं बसली होती. त्यांना कोणी बोलावलं नव्हतं.

"मामा, किल्ली आणलीत ना?" दाराच्या चौकटीला टेकून उभी असलेली एक मुलगी म्हणाली. हिला सगळे टेकू म्हणतात, कारण कशाला तरी टेकल्याशिवाय ती उभीच राहत नाही. ताईला ही मुलं मावशी म्हणत, त्यामुळे मी आपोआप मामा झालो. मला कोणी विचारलं नाही.

"आज वर्ग नाही," मी म्हणालो.

"वर्ग नकोच आहे," एक मुलगा म्हणाला. "माझ्या मगरीला खालचे दात नाहीत. नुसते वरचेच आहेत. आमच्या आजोबांसारखी दिसते."

आजच्यापुरतं उघडतोय, असं स्पष्ट सांगून दार उघडलं. मगरीचे दात म्हणजे जुन्या जाकिटाची चेन आहे. ती मुलाने नीट लावली. मी बाकावर बसून राहिलो.

आजपासून थोडं लिहून ठेवायचं ठरवलं आहे. संध्याकाळी ताई बोलायची आणि मी 'हं' म्हणायचो. आता 'हं' म्हणायला काही नसतं.

५ सप्टेंबर, रविवार

आज पुन्हा उघडावी लागली. मुलं पायऱ्यांवर होतीच.

खोली लांबट आणि अंधारी. एकच खिडकी, ती मागच्या इमारतीच्या भिंतीकडे उघडते. खळीचा आंबूस वास. भिंतीला उभ्या केलेल्या फळ्या, सगळ्या खोक्यांच्या आणि जुन्या कपाटांच्या. अंड्यांच्या ट्रेच्या पाठीचं कासव. संपलेल्या पेनांचे काटे लावलेलं साळिंदर, ते जुळ्या भावांचं आहे आणि दोघांचं त्यावरून रोज भांडण होतं. बाटल्यांच्या झाकणांचे डोळे असलेलं घुबड. टेकूचा हत्ती, त्याची सोंड सायकलच्या ट्यूबची. सगळंच अर्धवट.

ताईला न्यायला मी इथे यायचो तेव्हा ती एकेका प्राण्याला गाल लावत फिरत असायची. साठी उलटलेल्या बाईने पुठ्ठ्याच्या कासवाचे असे लाड करावेत याचा मला संकोच वाटे. मी दारातच थांबायचो.

दुपारी हॉस्पिटलमधल्या मुलांच्या वॉर्डच्या सिस्टर आल्या. ताईने त्यांना शब्द दिला होता म्हणे. वॉर्डच्या लांब भिंतीवर हे प्राणी लावायचे, खाटेवर पडल्या पडल्या मुलांना हात लावता येईल असे.

"ऑक्टोबरात आमचं रंगकाम आहे," सिस्टर म्हणाल्या. "त्या महिनाअखेरपर्यंत भिंत माझी. नंतर वरून पोस्टर येणार आहेत, हात कसे धुवावेत त्याचे. ते एकदा चिकटले की माझं काही चालणार नाही."

"त्याआधी मिळतील. टेम्पोने पाठवतो."

"तुम्ही नाही येणार? भिंत बघायला तरी?"

"मापं सांगा. मापांवरून होतं."

"मापं तुमच्या ताईंनीच घेतलीत. आमच्याकडे ॲडमिट होत्या तेव्हा. दुसऱ्या मजल्यावरून सलाईनचा स्टँड ढकलत वर आल्या होत्या आणि टेप धरायला मला लावलं होतं." सिस्टर हसल्या. मग माझ्याकडे बघून त्यांनी हसू आवरलं.

मी पाणीपुरवठा खात्यात नकाशे काढायचो. न पाहिलेल्या जागांचेही काढले आहेत. तिथे जायची काही गरज नाही.

ठरवलं असं की सप्टेंबरातच सगळे प्राणी पुरे करायचे, फळ्या पाठवायच्या, किल्ली द्यायची. एकदा हातावेगळं झालं की बरं.

१२ सप्टेंबर, रविवार

शिकवणं मला जमत नाही. मुलांना ते पहिल्या दिवशीच कळलं असावं.

हत्तीवर पट्टी धरून टेकूला म्हणालो, "याचा एक कान दुसऱ्यापेक्षा बराच मोठा आहे."

"मोठ्या कानावर तो झोपतो."

"आणि शेपटी समोरून दिसणार नाही."

"त्याला माहितीये ना ती आहे ते."

कान तसेच ठेवले.

कामाची पद्धत मात्र सुधारली. आधी फळीवर पुठ्ठ्याचे तुकडे एकावर एक चिकटवून उठाव आणायचा. मग रद्दी भिजवून, कुटून, खळ घालून केलेला लगदा त्यावर लिंपायचा. ताई लगदा पापुद्र्याएवढा लावायची आणि पुढच्या थरासाठी आठवडाभर थांबायची. एका पोटाला महिना! मी सगळा लगदा एकदम, जाड थापायला सांगितला. एका दिवसात हत्तीला पोट आलं.

"मावशी असं नाही करायची," जुळ्यांपैकी एक म्हणाला.

"मावशीला घाई नव्हती," मी म्हणालो.

मी काय बोललो ते मला नंतर, घरी आल्यावर जाणवलं.

१८ सप्टेंबर, शनिवार

फळ्या वाळल्या. अंगठ्याने दाबून पाहिलं, टणक. टिचकी मारली. ठीक.

आज एक गोष्ट घडली ती लिहितो. टेकू हत्तीला गाल लावून उभी होती, अगदी ताईसारखी. म्हणाली, "मामा, गार आहे अजून."

मी म्हणालो, "हत्तीला ताप थोडाच आलाय? गारच असणार."

मुलं खूप हसली. मगरवाला तर बाकावरून खाली घसरला. मलाही बरं वाटलं. कित्येक महिन्यांत मी कोणाला हसवलं नव्हतं. टेकू तेवढी हसली नाही. "पण गार आहे," असं पुन्हा म्हणाली. मी म्हटलं, "लाड नंतर, आधी रंग."

तिचं हे गाल लावणं बघून मात्र जरा कसंतरी झालं. ही मुलगी ताईच्या अंगाला टेकून उभी असायची, ताई काम करत असली तरी. आता भिंत, कपाट, चौकट, काहीही चालतं तिला. मला टेकत नाही. ते योग्यच आहे.

१९ सप्टेंबर, रविवार

रंग कालच झाला होता. आज वार्निश. पुढून आणि मागून, दोन-दोन हात. मग प्रत्येक फळी प्लास्टिकमध्ये गुंडाळून, चिकटपट्टीने बंद करून कपाटात ठेवली. धूळ नको, ओल नको. सिस्टरना फोन करून काम झाल्याचं कळवलं. त्या म्हणाल्या, रंगारी गेले की सांगते, मग टेम्पो पाठवा.

मुलांना पुढच्या शनिवारी सुट्टी दिली. कोणी आनंदाने ओरडलं नाही.

२५ सप्टेंबर, शनिवार

घरी होतो. शेजारच्या वहिनी डबा घेऊन आल्या. त्या डबा आणतात आणि परत न्यायच्या निमित्ताने पुन्हा येतात. त्यांच्या मते मला हे कळत नाही.

"भाऊजी, ताईंची इथली खोली अजून बंदच?"

"धूळ जायला नको म्हणून."

"धूळ परवडली हो. खिडकी तरी उघडा. घरातली सगळ्यात उन्हाची खोली, आणि दारापाशी आलं की कोंदट वास येतो."

मी बघतो म्हणालो. दाराच्या फटीला कापडाची गुंडाळी लावली आहे, ती नीट बसवली. ताईच्या सगळ्या वस्तू जागच्या जागी आहेत. सगळं व्यवस्थित आहे. मीही व्यवस्थित आहे. वहिनी उगाच काळजी करतात.

२ ऑक्टोबर, शनिवार

फळ्या उघडल्या. खराब झाल्या आहेत.

३ ऑक्टोबर, रविवार

काल पुढे लिहवलं नाही.

मुलांना प्राणी शेवटचे पाहायचे होते, म्हणून कपाट उघडलं. चिकटपट्टी काढताच असा वास आला की मगरवाल्याने शर्टात नाक खुपसलं. कासवाच्या पाठीवर काळे ठिपके. घुबडाचा एक डोळा निघून प्लास्टिकमध्ये लोंबत होता. हत्तीचं पोट वार्निशखाली फुगलं होतं. मी बोट लावलं, तर बोट आत गेलं. आतून लगदा पहिल्या दिवसासारखा ओला होता आणि त्यावर राखाडी केसांसारखी बुरशी.

जुळे एकमेकांना म्हणायला लागले, तुझ्यामुळे झालं. मी म्हणालो, "कोणामुळेच नाही. हवा दमट आहे."

तेव्हा टेकू म्हणाली, "हवेमुळे नाही. मी सांगितलं होतं तुम्हाला, गार आहे म्हणून."

"म्हणजे?"

"म्हणजे काय! गालाला गार लागलं की आत ओलं असतं. मावशी गाल लावूनच बघायची. हाताला कळत नाही, हात खोटं बोलतो, असं म्हणायची ती. तुम्हाला माहिती नव्हतं?" मग एकदम तिचा आवाज चढला. "इतकी वर्षं तुम्ही तिच्याच घरी राहत होतात ना?"

दिव्याचं बटण बंद केलं आणि सगळ्यांना घरी जायला सांगितलं.

ताई काय करत होती ते मी दारात उभा राहून इतक्या वेळा पाहिलं होतं.

आज सिस्टरना फोन केला. खरं ते सांगितलं. त्या म्हणाल्या, "एक ठिपकासुद्धा नको हो. माझी अर्धी मुलं दम्याची आहेत." मग थोड्या वेळाने, "भिंत रंगवून झाली. पोस्टरवाले महिनाअखेरीला येतायत. जमेल का पुन्हा?"

नाही म्हणणार होतो. दुकानात प्लास्टिकचे तयार प्राणी मिळतात, ते आणून देतो असंही मनात आलं. तोंडातून "बघतो" एवढंच गेलं.

५ ऑक्टोबर, मंगळवार

आज एकटाच खोलीत जाऊन फळ्या तपासल्या. मगर आणि साळिंदर वाचतील, त्यांच्यावर लगदा कमी आहे. बुरशीचा भाग तासून टाकला. कासवाची पाठ नवी लागेल. घुबड अर्धं. हत्ती पूर्ण काढावा लागला. खरवडत गेलो तसा लगदा चमच्याने दहीभातासारखा निघाला. सोंड आणि मोठा कान तेवढे ठेवले.

पातळ थर द्यायचे तर प्रत्येक थर वाळायला ऊन हवं. त्या खोलीत ऊन नाही. पोस्टर येण्याआधी तिथे काहीही वाळणार नाही. वाचनालयाच्या गच्चीला कुलूप असतं, आमच्या इमारतीच्या गच्चीवर कबुतरं.

ऊन कुठे आहे ते मला माहीत आहे. वहिनींनी सांगायची गरज नव्हती.

९ ऑक्टोबर, शनिवार

ताईची खोली उघडली.

मुलं फळ्या घेऊन आली, वहिनी मदतीला. दारापाशीच वास आला, कपाटातल्या फळ्यांसारखा. खिडकी फुगून बसली होती. मी आणि वहिनींनी जोर लावला तरी हलेना. मगरवाल्याने बुक्की मारली आणि ती उघडली. मोठा आवाज झाला. पलंगावरच्या चादरीला एका कोपऱ्यात ओल धरली होती. वहिनींनी चादर काढून नेली.

पलंगावर, टेबलावर, खिडकीच्या कट्ट्यावर फळ्या मांडल्या. ताईच्या उशीच्या जागी कासव. मला वाटलं होतं, मला हे बघवणार नाही. पण मुलं एवढा गोंधळ घालत होती की बघायला सवडच मिळाली नाही. जुळ्यांनी खळीचं भांडं पालथं केलं. कोणीतरी ताईचा चष्मा घुबडाला लावून पाहिला. मी ओरडलो. मग घुबडाकडे पाहिलं तर ते ताईसारखं दिसत होतं, शाळेतून आल्यावर दिसायची तसं. काढून ठेव म्हणालो, पण जरा उशिरा.

दारामागे ताईची काळी छत्री टांगलेली आहे. टेकूने ती उघडझाप करून पाहिली.

"मामा, याचं वटवाघूळ मस्त होईल. पंख तयारच आहेत."

"ती मोडलेली नाही."

"वापरतं कोण?"

"जागेवर ठेव."

तिने ठेवली. जरा आपटूनच.

१७ ऑक्टोबर, रविवार

थर पातळ देतो. एक वाळल्याशिवाय दुसरा नाही. शाळा सुटली की मुलं रोज येतात. आता कोणत्याही वेळी बेल वाजते. वहिनी डबा आणतात तो आता मोठा असतो.

गाल लावायला शिकलो. टेकू माझी परीक्षा घेते. तिने आधी पाहिलेलं असतं, मला सांगत नाही.

"कासव?"

"गार."

"बरोबर. मगर?"

"कोरडी."

"चूक! शेपटीकडे लावा. तिथे जाड आहे."

दाढी असलेल्या माणसाला हे जमणार नाही, असं मगरवाल्याचं मत पडलं. मी आता रोज दाढी करतो. मधे करत नव्हतो, हे वहिनींनीच लक्षात आणून दिलं.

हत्तीचं पोट टेकूने या वेळी लहान ठेवलं. तो आजारी होता, आता बरा होतोय, असं तिचं म्हणणं. मी खडूने त्याची पाठ आखत होतो तेव्हा ती माझ्या डाव्या दंडाला टेकली. रेघ वाकडी गेली. पुसली नाही, तशीच राहू दिली.

२४ ऑक्टोबर, रविवार

रंग परवाच झाला. आज शेवटची तपासणी. सगळं वाळलं तरच वार्निश, नाही तर भिंत गेली.

मुलं ओळीने उभी. कासव, कोरडं. मगर, शेपटीसकट कोरडी. साळिंदराला गाल लावताना एक काटा टोचला, जुळ्यांना भारी आनंद झाला. घुबड, कोरडं.

हत्ती खिडकीजवळ होता. ऊन त्याच्यावर होतं. मी वाकलो, त्याच्या पोटाला गाल लावला आणि डोळे मिटले. ताई मिटायची. पुठ्ठा उबदार होता. खिडकीतून खालच्या रस्त्याचा आवाज येत होता. मी जरा वेळ तसाच राहिलो. किती ते सांगता येणार नाही, पण मुलांची कुजबुज थांबली होती.

मग मला ओल लागली. गालाला, स्पष्ट. म्हणालो, "ओला आहे. हत्ती ओला आहे अजून. नाही होणार हे."

"थांबा," टेकू म्हणाली. तिने स्वतः गाल लावून पाहिला. मग बाहीने हत्तीचं पोट पुसलं. मग त्याच बाहीने माझा गाल पुसला, एक आणि दुसरा, शेंबड्या मुलाचं तोंड पुसावं तसा. "आता लावा."

लावला. कोरडा होता.

"वार्निश आणा रे," ती बाकीच्यांना म्हणाली.

फक्त एक हात दिला, तोही पुढूनच. पाठ उघडी ठेवली. टेकू म्हणाली, मावशी पाठ कधीच बंद करायची नाही.

३० ऑक्टोबर, शनिवार

टेम्पोने फळ्या गेल्या. मी टेम्पोत बसलो. भिंतीवर ओळ सरळ यायची तर पाणसळ धरायला माणूस हवा, मुलांना ते जमणार नाही.

लिफ्टमध्ये फळ्या चढवल्या. मुलं आणि मी जिन्याने. दुसऱ्या मजल्यावर मी जरा थांबलो. तोच हिरवा कठडा, तेच दार. टेकूला दम लागला असेल म्हणून थांबलो. तिला लागला नव्हता, पण ती माझ्या हाताला टेकून उभी राहिली, आणि मी निघेपर्यंत हलली नाही.

सिस्टर वॉर्डच्या दारात होत्या. आत नेऊ देण्याआधी त्यांनी प्रत्येक फळी उलटी करून पाहिली, नाकाशी नेली. शेवटच्या फळीनंतर म्हणाल्या, "या."

भिंत नवी रंगवलेली, पण तिच्यावर पेन्सिलीच्या बारीक खुणा होत्या. "या सोडून रंगवायला लावलं," सिस्टर म्हणाल्या. "रंगारी वैतागला माझ्यावर."

ताईच्या खुणा. ती फुलीला छोटा गोल करायची, तशाच. मी पाणसळ लावून पाहिली. ओळ सरळ होती, पण मला ती फार खाली वाटली, माझ्या कंबरेपाशी. आजारपणात चूक झाली असेल, जरा वर घेऊ, असं सिस्टरना म्हणालो.

"खाटेवर पडून बघा आधी."

एक खाट रिकामी होती. सगळ्यांसमोर पडायला लाज वाटली, पण पडलो. हात बाजूला केला. बोटं बरोबर फुलीवर पोचली.

खुणांवरच लावले सगळे.

एक लहान मुलगी, नाकाला नळी, हत्तीच्या मोठ्या कानाशी बराच वेळ खेळत होती. मग टेकूला म्हणाली, "याचा एक कान मोठा का?"

टेकूने माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "मोठ्या कानावर तो झोपतो."

परतताना वाचनालयावरून आलो. किल्ली खिशात होती. कार्यवाह खुर्चीत होते, दिवा चालू होता. त्यांनी हात केला, मीही केला आणि पुढे आलो. त्यांच्याशी सोमवारी बोलीन. खोली ठेवायची तर त्या मागच्या खिडकीचं काहीतरी करायला हवं.

टेकू घरापर्यंत सोबत आली. जिन्यात तिने पुन्हा छत्रीचं विचारलं. मोडलेली नाही, असं या वेळी म्हणालो नाही. दारामागून काढून तिच्या हातात दिली.

ताईच्या खोलीची खिडकी उघडीच आहे. रात्री बंद करायला हवी खरं तर. हवा बरी आहे, राहू दे.